शब्दचर्चा : हीटिंगच्या पाइपांचे आवाज – गुडगुड, खदखद, टकटक की धडधड?

विचारणा

आम्ही इंग्लंडमध्ये स्लाव येथे राहतो. भारतातून मुलांकडे राहायला आलेल्या आमच्या भागातील ज्येष्ठ मंडळींसाठी, घरातील सेंट्रल हीटिंगबद्दल (बॉयलरमध्ये तापवलेले पाणी पाइपांतून खोल्याखोल्यांतील रेडिएटरमध्ये फिरवून घर गरम ठेवण्याची व्यवस्था) एक मराठी टिपण तयार करत आहे. दिवसभर घरात तीच असतात आणि पाइपांचा आवाज प्रथम त्यांच्याच कानी पडतो. परंतु मुलाला फोनवर ‘आवाज येतोय’ एवढेच सांगितले, तर त्यावरून दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावे की नाही, हे ठरत नाही. रेडिएटरमधील पाण्याच्या आवाजाला मी ‘खळखळ’, बॉयलरच्या आवाजाला ‘गुडगुड’ आणि पाइपांच्या आवाजाला ‘खडखडाट’ असे लिहिले आहे. हे शब्द योग्य आहेत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर

ताई, तिन्ही शब्द बदलावेत असे माझे मत आहे. त्याचे कारण केवळ भाषेचे नाही. योग्य शब्द निवडला की दोष कुठे असावा याचा निम्मा अंदाज तिथेच येतो.

व्याकरणात ज्यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात, त्यांचे रूप आवाजाचा काळही सांगते. ‘ठणकन’, ‘धाडकन’ किंवा ‘धाडदिशी’ म्हटले की आवाज एकदाच आणि अचानक झाला. ‘टकटक’, ‘धडधड’ म्हटले की तो पुन्हापुन्हा होतो आहे. आणि ‘गुणगुण’, ‘घरघर’ म्हटले की तो सलग आहे. शिवाय स्वर बदलला की आवाजाची जातही बदलते : ‘करकर’ जाड, ‘कुरकुर’ दबकी आणि ‘किरकिर’ बारीक. दुरुस्तीला येणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत विचारतो ते हेच असते, की आवाज एकदाच येतो की राहून राहून, आणि हीटिंग सुरू होताना येतो की बंद झाल्यावर.

आता ‘खळखळ’. ओढा खळखळतो, चूळ खळखळून भरतात. म्हणजे पाणी मोकळे आणि वाहते असावे लागते. रेडिएटरमध्ये पाणी बंदिस्त असते आणि वरच्या बाजूला हवा अडकली की ती पाण्यातून बुडबुड्यांनी सरकते. बंद नळीतून, पाण्यातून हवा ओढली जाताना होणाऱ्या आवाजावरूनच हुक्क्याला ‘गुडगुडी’ हे नाव पडले, आणि पोटात वायू धरला की तेही ‘गुडगुडते’. तेव्हा आपण बॉयलरला दिलेला ‘गुडगुड’ हा शब्द रेडिएटरला द्यावा. तो खरा ठरतो की नाही हे हाताने तपासता येते : रेडिएटर खालून गरम आणि वरून गार लागला, तर आत हवा आहे. उलट, तो खालच्या बाजूला मधोमध गार राहत असेल, तर तळाशी काळा गाळ बसला आहे आणि हवा काढून काहीही साधणार नाही.

हवा काढण्याचे काम अवघड नाही. हीटिंग बंद करून रेडिएटर निवू द्यावा, खाली फडके धरावे आणि चौकोनी किल्लीने वरच्या कोपऱ्यातील स्क्रू अर्धा फेरा सैल करावा. आधी नुसता ‘सूं’ असा आवाज येतो, मग हवा आणि पाणी एकत्र येऊन ‘फुरफुर’ होते आणि शेवटी पाण्याची सलग बारीक धार लागते. धार लागली की लगेच स्क्रू आवळावा. त्यानंतर बॉयलरवरील दाबाचा काटा पाहावा, कारण हवा गेली की दाब उतरतो. सामान्यतः पाणी गार असताना तो 1 ते 1.5 बार असावा. थोड्याच आठवड्यांत गुडगुड परत आली, तर मात्र ती बाहेरची हवा नसून आतील लोखंड गंजताना तयार होणारा हायड्रोजन वायू असू शकतो. अशा वेळी पाण्यातील गंजरोधक औषध संपले आहे का, हे तपासून घ्यावे लागते.

बॉयलरसाठी मी ‘खदखद’ सुचवीन. पिठले खदखदते, मनातला राग खदखदतो. आत काहीतरी अडून तापते आहे हा भाव या शब्दात आहे आणि इथे घडतेही तसेच. बॉयलरच्या आत जिथे पाणी तापते, त्या भागात क्षारांचा किंवा गाळाचा थर बसला की तिथले पाणी प्रमाणाबाहेर तापून जागच्या जागी वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढच्या थंड पाण्यात फुटतात. लंडन आणि आग्नेय इंग्लंडातील पाणी जड, म्हणजे क्षार अधिक असलेले, असल्यामुळे तिकडे हे अधिक आढळते. (पाठ्यपुस्तकातला ‘दुष्फेन’ हा शब्द मी मुद्दाम टाळला, ‘जड पाणी’ अणुभट्टीतही असते हे खरे, पण बोलताना सगळे जडच म्हणतात.) बंदिस्त व्यवस्थेत तेच पाणी फिरत असल्याने एरवी क्षार फारसे वाढत नाहीत, म्हणून जिथे गळतीमुळे वारंवार नवे पाणी भरावे लागते, तिथे आधी गळती शोधावी. खदखद ऐकू आली तर घरच्या माणसांनी बॉयलरचे झाकण उघडू नये. ब्रिटनमध्ये गॅसवरील उपकरणाचे काम ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या व्यक्तीनेच करावे, असा कायदा आहे.

पाइपांचा आवाज मात्र एक नाही, आणि सगळ्यांना एकच शब्द दिल्याने खरा घोळ होतो. हीटिंग सुरू झाल्यावर आणि पुन्हा बंद झाल्यावर काही मिनिटे ‘टक… टक…’ असा हळूहळू विरळ होत जाणारा आवाज आला, तर तो तांब्याच्या प्रसरण-आकुंचनाचा असतो. दहा मीटर लांबीचा तांब्याचा पाइप 50 अंशांनी तापला की सुमारे 8 मिलिमीटरने लांबतो. जमिनीच्या फळ्यांखालील लाकडी तुळयांत खाचा पाडून त्यांतून तो घट्ट बसवलेला असेल, तर एकदम न सरकता अडखळत सरकतो. फळीही त्याच्याबरोबर हलली तर आधी ‘करकर’ होते. याने बिघाड होत नाही, फक्त झोपमोड होते. फळी उचलून खाचेत नमद्याची (फेल्टची) पट्टी घातली की आवाज थांबतो.

‘धडधड’ निराळी. खोलीतील उष्णता पाहून आपोआप उघडझाप करणारा रेडिएटरचा व्हॉल्व्ह जुन्या पद्धतीचा असला आणि प्रवाहाच्या उलट दिशेने बसवलेला असला, तर तो मिटत आला की त्याची चकती पाण्याच्या जोराने आपटत राहते. तो पूर्ण उघडून पाहावा; धडधड तत्काळ थांबली, तर निदान बहुतेक झालेच. राहिला पाणी फिरवणारा पंप. त्याची मंद ‘गुणगुण’ चालायचीच, पण ‘घरघर’ लागली तर आत हवा शिरली आहे किंवा बेअरिंग झिजले आहे. माणसाच्या बाबतीत या शब्दाचा जो अर्थ होतो, तो पंपालाही फारसा चुकत नाही.

आणखी एक उत्तर

वरील विवेचनाशी सहमत आहे. केवळ ‘खडखडाट’ का नको, ते राहून गेले. तिजोरीत खडखडाट असतो, घरात ठणठणाट असतो, म्हणजे काहीच नसते. ‘पाइपांत खडखडाट’ असे वाचून महाराष्ट्रातून आलेल्या आजोबांना पहिली शंका पाणी गेल्याचीच येईल.

आणि ‘ठणकन’ हा शब्द टिपणात घेतलाच, तर एक खुलासा हवा. वॉशिंग मशीनने पाणी घेणे थांबवले की त्याच क्षणी बसणारा दणका हीटिंगचा नसतो. तो थंड पाण्याच्या नळातला असतो. तांत्रिक लेखनात याला ‘जलाघात’ म्हणतात. मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून निकोलाय झुकोव्स्की यांनी 1898 मध्ये त्याचे गणित मांडले. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी एकाएकी अडवले, तर धातूच्या पाइपात दाब 12 ते 14 बारने उसळू शकतो. त्यामुळे ‘हीटिंग बंद असतानाही दणका बसतो का?’ हा प्रश्न सर्वांत वर असावा.

न्यूयॉर्कहून उत्तर

इथल्या जुन्या इमारतींत पाणी नव्हे, तर वाफ फिरते. त्यामुळे वरचे ठोकताळे इथे लागू पडत नाहीत. वाफ येण्याचा आणि निवलेले पाणी परत जाण्याचा पाइप एकच असतो. रेडिएटर व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित उतरता नसेल, किंवा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असेल, तर पाणी तुंबते आणि मागून येणारी वाफ त्याचा लोंढा पाइपाच्या वळणावर आपटते. यासाठी आमच्या घरात ‘दणदण’ हा शब्द रुळला आहे. उपाय सोपा आहे : व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवावा आणि रेडिएटरच्या दूरच्या पायांखाली लाकडी पाचर सारावी.

मूळ विचारणाऱ्याकडून

सर्वांचे आभार. टिपणातील मजकूर आता असा ठेवत आहे : “मुलांना फोन करण्याआधी हीटिंग चालू आहे की बंद, ते पाहावे. रेडिएटर गुडगुडत असेल, तर वरून हात लावून तो गार आहे का, ते सांगावे. पाइप टकटकत असतील, तर घाबरू नये. व्हॉल्व्ह धडधडत असेल, तर तो पूर्ण उघडून पाहावा. बॉयलर खदखदत असेल, तर त्याला हात न लावता हीटिंग बंद करावे आणि मग फोन करावा.” ‘टकटक’ वाचून कुणाला टक लावून पाहणे आठवेल, अशी शंका घरातून निघाली आहे, तरीही ‘टिकटिक’ घड्याळाची आणि ‘तडतड’ मोहरीची असल्याने मी ‘टकटक’च कायम ठेवत आहे.