मदत हवी आहे: स्लाइडवर अर्धसूत्री दिसतच नाही!

हरिपूररोड: सोमवारी मुलीला तक्ता द्यायचाय. सूत्री, अर्धसूत्री, द्विविभाजन, कलिकायन या पेशीविभाजनाच्या तऱ्हांतला फरक, चित्रं स्वतः बघून काढायची. सात स्लाइडी झाल्या. सूत्री दिसतं, अर्धसूत्रीचा पत्ता नाही. कुठं चुकतंय? लवकर सांगा.

चष्मिश: कशाची स्लाइड? रंग कुठला?

हरिपूररोड: कांद्याचीच की, आणि कशाची असणार. अ‍ॅसिटोकार्मिन.

लॅबवाला_मिरज: रंग टाकून स्लाइड जरा कोमट करा, अंगठ्यानं दाबा. आमच्याकडं मुळं सकाळीच तोडायचे.

चष्मिश: अहो, सूत्री दिसतंय म्हणतायत ना ते! रंगाचा काय संबंध? कांद्याचा कुठला भाग घेतलाय?

हरिपूररोड: मुळाचं टोक. चार दिवस ग्लासावर कांदा ठेवलाय, घरभर वास. बायकोनं आज ग्लास गॅलरीत काढला.

निवृत्त_मास्तर: मग सातशे स्लाइडी केल्या तरी दिसणार नाही. मुळाला नुसतं वाढायचं असतं. 16 गुणसूत्रांच्या पेशीतून 16-16 च्याच दोन. अर्धसूत्री, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन, फुलातल्या परागकोशात बघा. तिथं जोड्या आधी शेजारी येतात, मग फुटतात, आणि शेवटी चार पेशी, प्रत्येकीत 8. डेंगळ्याच्या, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्याच्या, बारीक, मिटलेल्या कळ्या आणा. उमललेल्या नकोत, त्यांचं काम उरकलेलं असतं.

हळदकरी: आमच्या हळदीत 63 गुणसूत्रं, 21 चे तीन संच. तिघांची जोडी लागणार कशी? म्हणून बी धरत नाही, जेठे, म्हणजे मुख्य, गड्डेच लावायचे. बाकी, यंदा बेणं कुणी घेतलं का? भाव काय?

विरजणताई: दह्यातले जिवाणूही एकाचे दोन होतात. म्हणजे सूत्रीच ना?

निवृत्त_मास्तर: नाही ताई. केंद्रकच नाही तर सूत्री कुठलं? डीएनएची नक्कल होते आणि पेशी मधोमध दुभंगते. ते द्विविभाजन.

लॅबवाला_मिरज: अमीबापण द्विविभाजनच करतो, त्याला केंद्रक आहे की!

निवृत्त_मास्तर: आहे. त्याचं केंद्रक आधी विभागतं, मग अंग. नाव एक, आतली तऱ्हा वेगळी. यीस्टच्या कलिकायनाचंही तसंच, फक्त अंगावर फुटलेली कळी आईपेशीपेक्षा लहान असते. तक्त्यात हे लिहा, मार्क मिळतील.

हळदकरी: भावाचं कुणी सांगितलं नाही.

हरिपूररोड: कळ्या मिळाल्या, बुधगावच्या रानातून. पण आत चार-चार दाणे चिकटलेले दिसतायत. हे काय?

निवृत्त_मास्तर: चौकडी. विभाजन नुकतंच संपलंय. त्याच गोंड्यातली याहून बारीक कळी फोडा.