हिंजवडीतली मंदी: फटका कुणाला, कधी बसतो

"आयटीतली नोकरकपात झाली तरी पोळीवाल्या मावशींना दुसरी घरं मिळतात" असं मत बऱ्याचदा ऐकू येतं, पण ते मला पटत नाही. पुण्याच्या हिंजवडी, वाकड या आयटी पट्ट्यात त्यांची कामं पायी फिरता येईल एवढ्याच टापूत असतात. तिघांच्या भाड्याच्या फ्लॅटमधून एक जण गावी परतला की मावशींचा पगार घटतो, फ्लॅट रिकामा झाला की काम संपतं. नोटीस नाही, भरपाई नाही. दुसरं घर मिळालं तरी वेळ जुळायला हवी, कारण सकाळच्या दोन-तीन तासांतच सगळ्यांना स्वयंपाक हवा असतो.

कंत्राटी सफाई कामगार आणि सुरक्षारक्षकांचं वेगळं. कंपनीने मजला सोडला की त्या मजल्याची माणसं कमी होतात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर बहुतेकांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलेला असतो. त्यातल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या मजुरीच्या ५० टक्के रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच मिळते. ही योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून आधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात विचारा. गैरवर्तनाबद्दल काढलेल्यांना ती लागू नाही, तेव्हा कंत्राटदाराच्या पत्रावर सही करण्याआधी त्यातलं कारण वाचाच.

पीएफ हमखास अडतो तो कंत्राटदाराने नोकरी सोडल्याची तारीख न भरल्यामुळे. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की ती यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर आधारच्या ओटीपीने स्वतः भरता येते. हे फार थोड्यांना माहीत असतं, आणि माणसं उगाच खेटे घालत राहतात.