१/२४ क्रॉलर (दगडांवर चढणारी रिमोटची छोटी गाडी): मोटर बदलावी की पिनियन?

प्रश्न: ०३० आकाराची ब्रश मोटर, ११ दातांचा पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं गिअर), २एस लिपो (दोन सेलची बॅटरी). दगडावर थ्रॉटल किंचित दिला तरी गाडी उसळते. त्याहून मोठी ०५० मोटर घालू का?

उत्तर: आधी पिनियन! ११ ऐवजी ९ दातांचा घातला की वेग साधारण १८ टक्के उतरतो, चाकाशी टॉर्क (फिरवण्याचा जोर) २२ टक्के वाढतो. पिनियन आणि स्पर (पिनियन ज्याला फिरवतो ते मोठं गिअर) यांचा मॉड्यूल (दातांच्या आकाराचं माप) एकच हवा, ०.३ वर ०.५ चालतच नाही. दोघांमध्ये कागदाची पातळ पट्टी धरून मोटरचे स्क्रू आवळा, मग पट्टी काढा. जुळणी घट्ट झाली तर मोटर तापते, सैल राहिली तर स्परचे दात सोलले जातात.

दुसरं उत्तर: त्याआधी पिनियन स्परपासून सोडवून चाकं हातानं फिरवून बघा. कुठे अडकत असेल तर बेअरिंग किंवा वाकलेला शाफ्ट तपासा. अशी गाडी कुठल्याही गिअरिंगवर झटकेच देणार. ०५० मोटर लांब असते आणि करंटही जास्त ओढते, त्यामुळे जागा मोजा, ईएससीची (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटची) मर्यादा बघा.

प्रश्नकर्ता: ८ दातांचा चालेल?

उत्तर: मोटर माउंटची (मोटर बसते त्या भागाची) खाच स्परच्या दिशेनं तेवढी पुढे पोचत असेल तरच.