मदत हवी आहे : कर्करोगाच्या महागड्या गोळ्यांचा खर्च खासगी आरोग्य विम्यातून कसा मिळवावा?

सप्रेम नमस्कार.

माझे वडील ६७ वर्षांचे निवृत्त शिक्षक असून आम्ही नागपुरात प्रतापनगरला राहतो. गेल्या मार्चमध्ये छातीत पाणी झाल्यामुळे त्यांना चार दिवस रुग्णालयात दाखल करावे लागले. ते पाणी काढून तपासणीला पाठवले, नंतर तुकडा तपासला, आणि फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे तसेच ईजीएफआर या जनुकात बदल असल्याचे निदान झाले. हा बदल असलेल्या रुग्णांना सलाइनमधून केमो देण्याऐवजी बहुतेक वेळा गोळीवर ठेवता येते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले आणि ओसिमर्टिनिब ८० मिलिग्रॅम, रोज एक, अशी गोळी सुरू केली. गुण चांगला आला आहे. पूर्वी जिन्याच्या पाचव्या पायरीवर थांबणारे बाबा आता सकाळी भाजी आणायला एकटे जातात, आणि गोळी घेतली की कालनिर्णयवरच्या त्या तारखेला स्वतःच्या हाताने बारीक टिंब करतात. ती टिंबे थांबू नयेत, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

अडचण पैशांची आहे. महिन्याच्या तीन पट्ट्यांचा खर्च लाखाच्या वर जातो आणि तो बाबांच्या निवृत्तिवेतनाच्या कित्येक पट आहे. त्यांची एका खासगी कंपनीची दहा लाखांची पॉलिसी २०१४ पासून एकही वर्ष न चुकवता चालू आहे, त्यामुळे वेटिंग पिरियडचा किंवा जुना आजार लपवल्याचा प्रश्न येत नाही. मार्चमधला रुग्णालयाचा खर्च कॅशलेस झाला. सुट्टी झाल्यानंतरच्या ९० दिवसांतील औषधेही पॉलिसीत धरलेली असल्यामुळे पहिल्या तीन महिन्यांच्या गोळ्यांचे पैसे बिले दिल्यावर परत मिळाले. जुलैमध्ये पाठवलेला दावा मात्र नामंजूर झाला. रुग्ण २४ तास दाखल नव्हता, सबब हा बाह्यरुग्ण खर्च आहे, असे पत्रात एका ओळीत लिहिले होते.

मी पॉलिसीची संपूर्ण पुस्तिका काढून वाचली. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारपद्धतींची यादी दिली असून त्या पॉलिसीतून वगळता येणार नाहीत, फार तर त्यांना मर्यादा घालता येईल, असे ठरवले आहे. त्या यादीत मौखिक, म्हणजे तोंडावाटे घ्यायची, केमोथेरपी स्पष्ट शब्दांत आहे. आमच्या पुस्तिकेतही ती आहे, आणि तिच्यासाठी विमा रकमेच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे वर्षाला पाच लाखांपर्यंत, मर्यादा दिलेली आहे. तो परिच्छेद जोडून मी पुन्हा लिहिले. त्यावर आलेले उत्तर मला आजही पचलेले नाही: ओसिमर्टिनिब ही ‘टार्गेटेड थेरपी’ (कर्करोगातील नेमक्या बदलावर काम करणारे औषध) आहे, ‘केमोथेरपी’ नाही, म्हणून हा परिच्छेद तिला लागू होत नाही. ज्या कर्करोगासाठी तोंडावाटे घेण्याचे औषध डॉक्टर देतात, तेच औषध पूर्वीच्या औषधांपेक्षा नेमके काम करते म्हणून विम्याच्या बाहेर जावे, हे मला कोणत्याही अंगाने न्याय्य वाटत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. टार्गेटेड गोळीचा दावा मौखिक केमोथेरपीच्या परिच्छेदाखाली कोणी मंजूर करून घेतला आहे का, आणि डॉक्टरांच्या पत्रात कोणते शब्द असावे लागतात? दावा अडकलेला असताना औषध कंपनीच्या रुग्णसाहाय्य योजनेत नाव नोंदवता येते का, की विमा असल्याचे सांगितल्यावर त्या नकार देतात? दुकानदार छापील किमतीवर सूट देतो, पण बिल छापील किमतीचे देऊ का असे विचारतो. ते मला नको आहे, म्हणून बिल खऱ्या रकमेचेच घेते. तरीही गंजीपेठेतल्या दवा बाजारात किंवा रामदासपेठ-धंतोलीतल्या मोठ्या दुकानांत याहून रीतसर कमी भाव मिळतो का, हे कोणाला माहीत असल्यास कळवावे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. प्रतीक्षाकक्षात एका गृहस्थांनी परदेशातून येणाऱ्या स्वस्त गोळ्यांसाठी एक फोन क्रमांक दिला होता. त्या गोळ्यांना ना बिल, ना बॅच क्रमांकाची खात्री, त्यामुळे तो मार्ग मी धरणार नाही. त्यांचा हेतू चांगला होता, हे मात्र नमूद करायला हवे.

प्रतिसाद

ताई, नमस्कार. माझ्या पत्नीच्या स्तनाच्या कर्करोगासाठी पाल्बोसिक्लिबच्या गोळ्या सुरू होत्या आणि आमचाही दावा जवळजवळ याच शब्दांत परत आला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आम्हाला पुढे दिलासा मिळाला तो निम्मा विम्यामुळे आणि निम्मा जानेवारी २०२३ मध्ये त्या औषधाचे पेटंट संपून अनेक देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्यामुळे. ओसिमर्टिनिबचे पेटंट अजून चालू असल्याने तुमची खरी लढाई विमा कंपनीशीच आहे.

प्रथम, नामंजुरीच्या पत्रात कंपनीने पॉलिसीतील नेमक्या कोणत्या अटीवर बोट ठेवले आहे, ते लेखी मागा. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दावा आढावा समितीच्या संमतीशिवाय दावा नामंजूर करता येत नाही, आणि नकार कळवताना संबंधित अटींचा उल्लेख करावा लागतो. ‘या नकाराला समितीची संमती आहे का’ हा प्रश्न आम्ही विचारल्यानंतरच पत्रव्यवहाराचा सूर बदलला. पॉलिसीत ‘केमोथेरपी’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे का, हेही पाहा. आमच्या पुस्तिकेत ती नव्हती, आणि व्याख्या नसलेल्या शब्दाचा संकुचित अर्थ विमाधारकाच्या विरोधात लावू नये, हाच आमचा मुख्य मुद्दा होता.

डॉक्टरांकडून घेतलेल्या पत्रात ही कर्करोगविरोधी, संपूर्ण शरीरावर काम करणारी, तोंडावाटे दिली जाणारी औषधयोजना आहे, या जनुकबदलात ती सलाइनमधील केमोच्या जागी दिली जाते आणि ती खंड न पाडता चालू ठेवणे आवश्यक आहे, असे स्पष्ट लिहून घ्या. जनुकतपासणीचा अहवाल, चिठ्ठी आणि बॅच क्रमांक असलेली बिले सोबत जोडा. आमच्याकडे टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेने) रिकाम्या पट्ट्यासुद्धा मागितल्या होत्या, म्हणून एकही पट्टी फेकू नका.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने नकार दिला किंवा महिनाभरात उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमाधारकांच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. नागपूरसाठी कार्यालय पुण्याचे आहे. नकाराच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांचा विचार होतो, शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. त्याआधी आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ या पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा.

किमतीबाबत एक गोष्ट तपासून पाहा. २०२४ च्या जुलैमधील अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिबवरील सीमाशुल्क काढले गेले, त्यानंतर तिच्यावरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि हा फायदा छापील किमतीत उतरवण्यास राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कंपन्यांना सांगितले. त्यामुळे दुकानात जुना साठा जुन्या किमतीला तर मिळत नाही ना, हे पट्टीवर बघत जा. रुग्णसाहाय्य योजनेची नोंदणी उपचार करणाऱ्या डॉक्टरांमार्फतच होते. अटी प्रत्येक योजनेच्या वेगळ्या असतात आणि काही योजना विम्याची माहिती मागतात, ती खरी द्या. मोफत मिळालेल्या पट्ट्यांचा दावा अर्थातच करायचा नाही. बाबा प्राप्तिकराची जुनी पद्धत वापरत असतील, तर ज्येष्ठ नागरिकाच्या कर्करोगावरील खर्चाची एक लाखापर्यंत वजावट मिळते. विम्यातून मिळालेली रक्कम त्यातून वजा होते, आणि कर्करोगतज्ज्ञाची चिठ्ठी लागते.

पॉलिसी मात्र रागाच्या भरात सोडू नका. दावे केले या कारणावरून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, पण नवीन पॉलिसी घेतल्यास या आजारासाठी पुन्हा प्रतीक्षाकाळ लागेल.

धागाकर्तीचे उत्तर

आपण वेळ काढून इतके तपशीलवार लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आज दुपारी पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. व्याख्यांच्या प्रकरणात केमोथेरपी हा शब्द नाही. रिकाम्या पट्ट्या आईने पहिल्या दिवसापासून संत्रा बर्फीच्या डब्यात साठवल्या आहेत. ती त्या का ठेवत होती हे तिलाही सांगता येत नव्हते, पण आता त्या महिन्यांप्रमाणे रबर लावून वेगळ्या केल्या. घरातल्या शेवटच्या पट्टीवरची किंमत आणि एप्रिलच्या बिलावरची किंमत यांत फरक आहे, तो दुकानदाराला उद्या विचारणार आहे.

गुरुवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. आपण सांगितलेले तिन्ही मुद्दे मी कागदावर लिहून नेत आहे आणि त्याच वेळी साहाय्य योजनेचेही विचारीन. समितीच्या संमतीचा प्रश्न विचारणारे पत्र आजच कंपनीला ई-मेलने पाठवले.

अजून एकच विचारायचे राहिले. लोकपालाकडील सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते असे वाचले आहे. बाबांना पुण्यापर्यंतचा प्रवास झेपणार नाही, म्हणून नागपुरातून कोणी अशी सुनावणी दिली असल्यास मुलगी या नात्याने मला त्यांच्या वतीने बोलता आले का, आणि त्यासाठी कोणते अधिकारपत्र द्यावे लागले, हे कृपया कळवावे.