लेआउट बघून लोक दोन मिनिटांत पुढं सरकतात, त्यांना थांबवायचं कसं?

कुर्डुवाडी_जंक्शन
नमस्कार मंडळी, आमचा सोलापुरातल्या पाच-सहा जणांचा ग्रुप आहे, जुन्या कुर्डुवाडी स्टेशनचा एचओ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट छोटा, मॉडेल रेल्वेचा लेआउट बनवतोय. एका बाजूला ब्रॉडगेज आणि दुसऱ्या बाजूला बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेजवरची छोटी गाडी. ब्रॉडगेजला खरं तर दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिमी, त्याला ८७ नी भागून १९ मिमीच्या वर यायला पाहिजे पण बाजारात १६.५ चाच ट्रॅक मिळतो म्हणून तोच टाकला, आणि नॅरोगेज मात्र ७६२ भागिले ८७ म्हणजे जवळजवळ ९ मिमी, त्यामुळे एन स्केल या अजून छोट्या मापाचा ट्रॅक बरोब्बर बसला. येत्या जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत एका शाळेच्या हॉलमध्ये मांडायचा विचार आहे, त्या वेळी होम मैदानावर बाहेरगावची माणसं पण भरपूर येतात. अडचण अशी की मागच्या वेळी लोक आले, गाडी एक चक्कर मारेपर्यंत बघितली, मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि गेले. पोरं तर सारखी हात लावायला बघतात आणि आम्ही सारखं "बाळा लांबून बघ" म्हणत बसतो, ते मला अजिबात पटत नाही, ज्यांच्यासाठी मांडलंय त्यांनाच हाकलायचं कशाला. तर बघणाऱ्यांना स्वतः काहीतरी करता यावं असं काय काय लावता येईल? आमचं सगळं साधं १२ व्होल्ट डीसी आहे, डीसीसी म्हणजे डिजिटल कंट्रोल नाही. बजेट पण बेताचं आहे.

सोल्डरवाला
बटणं लावा की राव. हॅम्बुर्गला मिनिएचर वुंडरलँड आहे ना, २००१ ला सुरू झालेलं, तिथं लेआउटच्या कडेनी बटणंच बटणं आहेत, दाबलं की काहीतरी हलतं, चॉकलेटच्या कारखान्याचं बटण दाबलं तर खरं चॉकलेट हातात पडतं. तेवढं आपल्याला जमणार नाही पण तत्त्व तेच. फाटक पडणं, भोंगा, सिग्नलचा हात खाली येणं, स्टेशनात दिवे लागणं, अनाउन्समेंट, हे सगळं एकेका बटणावर येतं.

आता पोरं बटण कसं दाबतात ते माहितीच आहे, दाबून धरतात नाहीतर दणादण दाबत सुटतात. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे जर कॉइलच्या मोटरवर असतील तर ते बटण डायरेक्ट जोडू नका, कुणी दाबून धरलं की कॉइल जळलीच म्हणून समजा. मधे कपॅसिटर डिस्चार्ज युनिट टाका, ते एकदाच झटका देतं, नंतर बटण धरून ठेवलं तरी कॉइलला नावापुरताच करंट जातो, आणि परत भरायला दोन-चार सेकंद घेतं त्यामुळे दणादण दाबण्याचा पण प्रश्न मिटतो. बाकी सगळ्या बटणांना टायमर रिले, म्हणजे ठरावीक वेळानं आपोआप बंद होतं. गाडी टोकाला जाऊन धडकू नये म्हणून शेवटच्या तुकड्याला एका रुळात गॅप मारून त्यावर १एन४००७ डायोड टाका, काही रुपयांत येतो. गाडी त्या तुकड्यात शिरली की आपोआप उभी राहते, उलट्या दिशेचा करंट दिला की निघते. तुकडा इंजिनापेक्षा चांगला लांब ठेवा, वेगात आलेली गाडी करंट गेल्यावर पण थोडी घसरत पुढं जाते. बटणं ती मोठी व्हिडिओ गेमच्या मशीनला असतात तसली घ्या, छोटी पुश बटणं एका दिवसात आत जाऊन बसतात.

लाइन_क्लिअर
मी स्टेशन मास्तर म्हणून रिटायर झालो, सोलापूर डिव्हिजनमध्येच बरीच वर्षं गेली. बटणाचं सोल्डरवाले म्हणतात ते ठीक आहे पण मला विचाराल तर नुसतं बटण दाबलं आणि दिवा लागला यात मजा एकदाच येते. माणसाला काम द्या, रेल्वेतलं खरं काम, आणि त्यानं ते केल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. मग बघा कोण जातंय सोडून.

सिंगल लाइनला नील्स बॉल टोकनचं यंत्र असायचं. दोन स्टेशनांवर दोन यंत्रं, आत लोखंडी गोळे. मी घंटी मारून पुढच्या स्टेशनला विचारणार, लाइन क्लिअर आहे का, त्यानं दिलं तरच माझ्या यंत्रातून गोळा बाहेर पडणार, तो चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या कड्यानं ड्रायव्हरला द्यायचा. गोळा पुढच्या यंत्रात पडल्याशिवाय दुसरा गोळा कुठूनच निघत नाही, म्हणजे एका वेळी सेक्शनमध्ये एकच गाडी. हे लेआउटवर अगदी करता येईल. टेबलाच्या दोन टोकांना दोन खोके ठेवा, प्रत्येकात घंटी आणि एक बटण. इकडचं पोरगं घंटी वाजवणार, तिकडचं बटण दाबून धरणार, तेव्हा सर्व्होची, म्हणजे छोट्या मोटरची, खिटी सरकून इकडचा गोळा सुटणार. गोळा उचलला की खालचा मायक्रोस्विच सुटतो, सिग्नल पडतो आणि सेक्शनला करंट जातो. मग ते पोरगं गोळा हातात घेऊन गाडीबरोबर टेबलाच्या कडेनं चालत जाणार आणि दुसऱ्या टोकाच्या पोराच्या हातात देणार. एकमेकांना न ओळखणारी दोन पोरं यात दोस्त होतात हो. गोळा मात्र मोठा घ्या, लिंबापेक्षा मोठाच, बारकी पोरं तोंडात घालतात.

आणि गाडी का थांबलीय हे पोरांना सांगणारा एक माणूस तिथं हवाच, यंत्रावर सोडून देऊ नका.

पाटीवरचा_खडू
मी शिक्षिका आहे, दरवर्षी विज्ञान प्रदर्शन करतो त्यावरून सांगते. टेबलाची उंची किती आहे तुमच्या? मोठ्या माणसाला छान दिसतं ती उंची म्हणजे पहिली-दुसरीच्या मुलाला नुसती प्लायवूडची कड दिसते. पुढच्या बाजूला एक भक्कम पायरी ठेवा, पण निम्म्याच भागात, व्हीलचेअरवर कुणी आलं तर त्यांना जवळ येता यायला हवं. कडेला अ‍ॅक्रेलिकची वीतभर उंच पट्टी, बास, पूर्ण काच नको, काच लावली की दुकानातल्या शोकेससारखं वाटतं आणि मुलं लांबच राहतात.

शोधा-शोध नक्की ठेवा. एका कागदावर दहा चित्रं, पाण्याच्या टाकीवरचा कावळा, प्लॅटफॉर्मवर झोपलेला माणूस, पताका घेतलेला वारकरी, चहावाला. बार्शी लाइट म्हणजे पंढरीचे वारकरी हवेतच ना. याला वायर लागत नाही, खर्च झेरॉक्सचा, आणि आई-वडील पण मुलांबरोबर वाकून वाकून शोधत बसतात. आणखी एक, एक जुनी वॅगन आणि रुळाचा तुकडा वेगळ्या टेबलावर खुशाल हाताळायला ठेवा. ज्यांना दिसत नाही अशांना पण त्यातून गेज म्हणजे काय ते कळतं, दोन्ही गेजचे तुकडे शेजारी ठेवलेत तर अजून छान.

कुर्डुवाडी_जंक्शन
वा, मास्तरकाका, गोळ्याचं डोक्यातच घर केलं बघा, हे करायचंच. मॅडम, उंची चार फूट आहे, कमी करतो आणि पायरी पण करून घेतो. बार्शी लाइट १८९७ ला चालू झाली आणि १९२७ पर्यंत मिरजेला पोचली हे आम्ही बोर्डवर लिहिलंय, पण बोर्ड कोण वाचतं. कुर्डुवाडीला छोट्या गाडीतला माल काढून मोठ्या गाडीत भरायला लागायचा, गेजच वेगळा, ते पोरांकडून करून घेतलं तर? कापसाच्या गाठी करायच्या आणि चिमट्यानं या वॅगनमधून त्या वॅगनमध्ये ठेवायच्या.

शंटर_दादा
गाठींचं झकास आहे, गाठीत लोखंडी वॉशर घाला आणि दोऱ्याला चुंबक बांधून छोटी क्रेन द्या, चिमटा रुळावर पडला तर शॉर्ट होईल.

कॉलेजच्या पोरांसाठी इंगलनूक म्हणजे वॅगन लावायचं शंटिंगचं कोडं ठेवा बाजूला. तीन लाइनी, एकीत पाच वॅगन मावतात, बाकी दोनीत तीन-तीन, शंटिंग नेकमध्ये, म्हणजे मागंपुढं करायच्या तुकड्यात, इंजिन अधिक तीन. एकूण आठ वॅगन. चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्या क्रमानं निघतील तशीच पाच वॅगनची गाडी जोडायची. ६७२० वेगवेगळे क्रम होतात त्यामुळे कधी कंटाळा येत नाही, आणि जागा लागते एका फळीएवढी. वॅगन जोडायला मॅग्नेटवर सुटणारे कपलर लावा, हातानं सोडवायला दिलं की वॅगनच उचलतात. कंट्रोलरची नॉब अर्ध्याच्या वर फिरणार नाही अशी खुंटी ठोका. आणि रूळ तासा-दोन तासाला आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसत राहा, आपल्याकडची धूळ, वर सगळ्यांचे हात, इंजिन अडखळायला लागलं की पोरं लगेच म्हणतात बिघडलं.

कुर्डुवाडी_जंक्शन
काका एक शंका, दुसऱ्या टोकाचं पोरगं मधेच निघून गेलं आणि लाइन क्लिअर द्यायला कुणीच नसलं तर इकडचं ताटकळत बसेल ना?

लाइन_क्लिअर
बसू दे की थोडं. खरी गाडी पण सिग्नलला उभी राहायचीच. त्याला सांगा परत घंटी मार, जोरात मार, गर्दीतलं कुणीतरी येतंच बघायला काय वाजतंय, त्यालाच खोक्यापाशी उभं करा. अगदीच कुणी नाही आलं तर तुमच्या माणसाला टेबलाखाली एक जादा बटण देऊन ठेवा. आणि खोक्यांवर स्टेशनांची नावं रंगवून घ्या, एकावर कुर्डुवाडी, दुसऱ्यावर बार्शी टाऊन, काळी अक्षरं पिवळ्यावर.