'साइटहाउंड'ला मराठीत काय म्हणावे?

टाचण
हरणांच्या शिकारीसाठी पूर्वापार पाळल्या गेलेल्या कुत्र्यांवरील एका लेखाचे मी भाषांतर करीत आहे. ग्रेहाउंड, सलुकी, बोर्झोय, स्कॉटिश डिअरहाउंड, कारवान हे सगळे ज्या गटात मोडतात त्याला इंग्रजीत साइटहाउंड म्हणतात, कारण ते वासाचा माग काढीत जात नाहीत, तर सावज डोळ्यांनी हेरून त्याच्या पाठी लागतात. मी त्यासाठी 'दृष्टिश्वान' हा शब्द योजला होता. मसुदा वाचणाऱ्या स्नेह्यांनी पहिल्याच परिच्छेदापाशी थांबून विचारले, की अंध व्यक्तींना वाट दाखवणारे कुत्रे हरणे कशाला मारतील? त्यांचा गैरसमज इतका स्वाभाविक होता की मला शब्द मागे घ्यावा लागला. नुसते 'शिकारी कुत्रा' म्हणावे तर त्याच लेखात ब्लडहाउंड आणि बीगलही आहेत, आणि ते वासावर चालतात. ज्या वाक्यात हा शब्द बसवायचा आहे ते असे: "... हरणामागे चौखूर उधळतो, तेव्हा एका ढांगेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात."

कोशवाचक
नवा शब्द घडवण्याआधी जुने पाहावेत, असे मला वाटते. अमरकोशात कुत्र्याच्या पर्यायांत 'मृगदंशक' आहे, आणि शिकारीत तरबेज असलेल्या कुत्र्यासाठी 'विश्वकद्रु' हा स्वतंत्र शब्द दिलेला आहे. 'मृगदंशक' अर्थाने पारदर्शक आहे, उच्चाराला सोपा आहे आणि त्यात हरीणही आले. एवढा नेमका शब्द हाताशी असताना 'साइटहाउंड' जसाच्या तसा देवनागरीत लिहिणे हा मला आळस वाटतो.

रानवाट
'मृगदंशक'मध्ये हरीण आले असे म्हणता येणार नाही. संस्कृतात 'मृग' म्हणजे मुळात कोणतेही रानटी जनावर. म्हणून तर सिंह मृगराज आणि माकड शाखामृग होते. शिवाय दंश हा शिकारीचा शेवट आहे, आणि ही कुत्री ओळखली जातात ती त्याआधीच्या धावेमुळे.

'दृष्टी' या शब्दाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. या कुत्र्यांची नजर तीक्ष्ण असते असे आपण म्हणतो, पण बारीक तपशील पाहण्यात कुत्रा माणसाच्या मागे आहे आणि रंगांतही त्याला मुख्यतः निळा व पिवळा एवढेच वेगळे कळतात. त्याचे बळ हालचाल टिपण्यात आहे. लांब कवटीच्या कुत्र्यांच्या नेत्रपटलावर दृष्टिपेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, त्यामुळे क्षितिजाच्या रेषेवर कुठेही काही हलले तरी ते त्यांना चटकन कळते. आणि डोळे कडेला असल्यामुळे माणसाला सुमारे १८० अंशांचा पट्टा दिसतो तिथे त्यांना सुमारे २७० अंशांचा दिसतो. गवतात निश्चल उभे असलेले हरीण या कुत्र्याच्या नजरेतून निसटू शकते, पण तेच हरीण कान झटकताच सापडते. म्हणून 'नजरेचा कुत्रा' हा साधा शब्द मला बरा वाटतो. अडचण एवढीच की त्याच्या जोडीला 'वासाचा कुत्रा' म्हटले तर भलताच अर्थ होतो. तिथे 'मागकाढ्या' म्हणावे लागेल. लाकूडतोड्या या घडणीचा तो शब्द कानाला परका वाटत नाही.

पडताळा
मुळात या कुत्र्यांचे नाव डोळ्यांवरून ठेवण्याची गरज आहे का, हे आधी ठरवावे. ती इंग्रजीची निवड आहे. फ्रेंचमधले 'लेव्रिए' हे नाव सशावरून आले आहे, रशियन 'बोर्झाया'च्या मुळाशी चपळपणा आहे, आणि जर्मन 'विंडहुंड' ऐकताच कोणालाही वारा आठवतो, मग त्याची व्युत्पत्ती काहीही असो. ग्रेहाउंडमधला 'ग्रे'सुद्धा मूळचा करडा रंग नव्हे. फारसीत याच कुत्र्याला 'ताजी' म्हणतात, आणि तो शब्द आपल्याकडे अनोळखी नाही. तो 'ताख्तन', म्हणजे दौडणे, या क्रियापदावरून आला असावा असे मला फार दिवसांपासून वाटते. 'ताजी कुत्रा' असे लिहावे. त्यात धावही आली आणि परंपराही.

कोशवाचक
ही व्युत्पत्ती आकर्षक असली तरी टिकणारी नाही. फारसीत 'ताजी' म्हणजे अरबी, अरबांकडचा. मराठीने तो शब्द घेतला तो अरबी घोड्यासाठी. ताजी म्हटल्यावर जुन्या मराठीचा वाचक डोळ्यांपुढे घोडाच आणील. जे विशेषण घोडा आणि कुत्रा या दोघांनाही केवळ मूळ देशावरून लागले, त्याने स्कॉटलंडच्या डिअरहाउंडला कसे ओळखावे?

पानगळ
माझा आक्षेप नावाला नाही, 'चौखूर' या शब्दाला आहे. कुत्र्याला खूर नसतात, पंजे असतात. घोडा चौखूर उधळतो, हरीण चौखूर पळते. कुत्र्याने 'भरधाव' सुटावे.

पडताळा
रूढ झालेल्या शब्दाचे असे अवयव मोजू नयेत. शिंगे मोडून वासरांत शिरणाऱ्या माणसाला शिंगे असावी लागत नाहीत. 'चौखूर' म्हणजे आज बेफाम, एवढाच अर्थ वाचकाच्या मनात उमटतो.

पानगळ
एरवी मी हे मान्य केले असते, परंतु या वाक्यात कुत्र्याच्या पुढे खरे खूर असलेले जनावर धावत आहे आणि खूर व पंजा यांतला फरक हाच या पाठलागाचा गाभा आहे. सपाट, कठीण जमिनीवर काळवीट ताशी सुमारे ८० किलोमीटरपर्यंत वेग गाठते. ग्रेहाउंड ७०च्या आसपास थांबतो, आणि तोही थोड्याच अंतरापुरता, कारण एवढ्या धावेत त्याचे अंग झपाट्याने तापते. तोच पाठलाग चिखलात किंवा वरून गोठलेल्या बर्फावर झाला तर अरुंद खूर रुततात, पंजा पसरून भार पेलतो आणि पारडे फिरते. कुत्रा वळणावर जमीन धरतो तोही पंजांनी आणि नखांनीच. घोड्याच्या दौडीत चारही पाय एका ढांगेत एकदाच अधांतरी असतात; या कुत्र्यांचे दोनदा, एकदा पोटाखाली गोळा झालेले आणि एकदा पुढेमागे ताणलेले, आणि हे साधते ते धनुष्यासारख्या वाकणाऱ्या कण्यामुळे. जे वाक्य हा फरक सांगण्यासाठीच लिहिले आहे, त्यात कुत्र्याला घोड्याचा शब्द देऊ नये.

रानवाट
पानगळ यांचे म्हणणे मला पटले. त्याला जोडून 'हरीण' या शब्दाचाही विचार व्हावा. सलुकी ज्यांच्यामागे धावत आली ती गझेल आणि आपले काळवीट हे कुरंग आहेत. त्यांची शिंगे आयुष्यभर टिकतात. डिअरहाउंड ज्यावर सोडत ते लाल हरीण सांबर-चितळांच्या कुळातले, दरवर्षी शिंगे गाळणारे. लेखात दोन्ही असतील तर सरसकट 'हरीण' लिहिल्याने वाचकाची फसगत होईल.

कोशवाचक
मराठी माणूस काळविटाला हरीणच म्हणत आला आहे. प्राणिशास्त्राने 'कुरंग' वेगळा काढला तो शास्त्राच्या सोयीसाठी. त्यावरून बोलीला चूक ठरवू नये.

टाचण
माझ्या लेखात दोन्ही कुळे आहेत, त्यामुळे जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे मी 'कुरंग' लिहीन आणि इतरत्र 'हरीण' ठेवीन. 'चौखूर' काढून 'भरधाव' केले आहे. गटाच्या नावासाठी सध्या 'नजरेवर धावणारे कुत्रे' असे लिहून पुढे गेलो आहे. ते नाव नव्हे, वर्णन आहे, याची मला जाणीव आहे.

रानवाट
त्या वर्णनालाही एक अपवाद आहे. डिअरहाउंडचा नर खांद्याशी सुमारे ७६ सेंटीमीटर उंच आणि साधारण ४५ किलोंचा असतो, तर लाल हरणाचा नर त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जड. म्हणून दडत दडत हरणाच्या जवळ जाऊन बहुधा दोन कुत्रे एकदम सोडीत. हरीण झाडीत शिरून दिसेनासे झाले, की बरेच नजरेचे कुत्रे थबकून मान उंच करतात आणि चहूकडे पाहत राहतात. डिअरहाउंड मात्र अशा वेळी नाक जमिनीला लावून माग काढू शकतो. त्या क्षणी तो नजरेवर धावत नसतो.

पडताळा
म्हणूनच मी धावेवरून नाव ठेवा असे म्हणत होतो. 'धावकुत्रा' या शब्दावर अजून कोणीच मत दिलेले नाही.