ज्वारीच्या चार खतमात्रा आणि अनोव्हा

प्रश्न
मी सोलापुरात कृषी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विद्यार्थी आहे. गेल्या रब्बीत मंगळवेढ्याजवळच्या आमच्या शेतात मालदांडी ज्वारीचे चार पट्टे आखून त्यांना हेक्टरी 0, 25, 50 आणि 75 किलो नत्र दिले आणि काढणीच्या वेळी प्रत्येक पट्ट्यातील 30 कणसांच्या दाण्यांचे वजन केले. दोन-दोन पट्टे घेऊन टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरींची तुलना) लावली तर चालेल, की अनोव्हाच (अनेक गटांच्या सरासरींची एकत्र तुलना) करावा लागेल?

उत्तर 1
टी-चाचण्या टाळाव्यात. चार गटांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक चाचणीत 5 टक्के चुकीची मुभा ठेवली आणि चाचण्या परस्परांपासून स्वतंत्र धरल्या, तर मुळात काहीच फरक नसताना एखाद्या जोडीत तरी फरक दिसण्याची शक्यता सुमारे 26 टक्के होते. अनोव्हा गटागटांमधली तफावत गटांच्या आतल्या तफावतीशी ताडून पाहतो. त्यांचे गुणोत्तर म्हणजे एफ. ते लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने क्वचितच येईल इतके मोठे आले, तर कोणत्या जोड्या वेगळ्या आहेत हे टुकी चाचणीने पाहावे.

प्रश्नकर्ता
एफ फार मोठे आले. मात्र पट्टे उताराला आडवे आहेत आणि 75 किलोचा पट्टा सर्वांत खाली, ओढ्यालगत आहे. त्याने काही बिघडते का?

उत्तर 2
बिघडते, आणि हीच या प्रयोगाची खरी अडचण आहे. ओढ्यालगतची माती खोल असते आणि ओल अधिक काळ धरते, त्यामुळे जास्त उत्पादन नत्राचे की मातीचे हे आपल्या आकड्यांवरून वेगळे काढता येणार नाही. शिवाय खत कणसाला नव्हे, पट्ट्याला दिले होते. म्हणून 120 कणसे मोजली तरी प्रत्येक मात्रेचे स्वतंत्र निरीक्षण एकच ठरते. आलेले एफ कृपया प्रबंधात घालू नये. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड संशोधन केंद्राच्या शेतीप्रयोगांतून अनोव्हाची पद्धत घडवली, तेव्हा यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून केलेल्या) वाटपावर इतका भर दिला तो याच कारणासाठी.

येत्या रब्बीत उताराच्या पाच पातळ्यांवर पाच ब्लॉक (साधारण सारख्या जमिनीचे गट) करावेत, प्रत्येकात चार वाफे ठेवावेत आणि कोणत्या वाफ्याला कोणती मात्रा द्यायची हे दर ब्लॉकमध्ये नव्याने चिठ्ठ्या टाकून ठरवावे. वाफ्यातील कणसांची सरासरी काढली की 20 आकडे उरतात. त्यांच्या 19 डिग्रीज ऑफ फ्रीडमपैकी (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) 3 मात्रांना, 4 ब्लॉकना आणि 12 त्रुटीला (उरलेल्या तफावतीला) जातात. 5 टक्के पातळीवर एफ 3.49 पेक्षा मोठे हवे. वाफ्याच्या कडेच्या ओळी मोजू नयेत, कारण शेजारच्या वाफ्याचे खत त्यांना पोहोचते.

उत्तर 1
माझ्या उत्तरात वाफ्यांचा विचार सुटला होता. वरील दुरुस्ती योग्य आहे. एकच भर घालतो: नत्राच्या मात्रा क्रमाने वाढत आहेत, त्यामुळे जोड्यांची तुलना करण्यापेक्षा मात्रेबरोबर उत्पादन सरळ रेषेत वाढते की 50 किलोनंतर वक्र वाकतो, हे तपासणे शेतकऱ्याच्या अधिक उपयोगाचे ठरेल.